लिहून घेतात, पोरी!

आमच्या घरी पहिला कुकर आला तेव्हा मी दहावीत होते. तोवर आई चुलीवर डाळ चढवायची आणि ती शिजेपर्यंत शेजारच्या घरची धुणी उरकून यायची. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल. भिशी लागली तेव्हा आईने कुकर घेतला आणि सुरुवातीला कितीतरी दिवस तो वापरलाच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा फळीवर ठेवून दिला. कुकर ही आमच्याकडे मानाची वस्तू.

त्यामुळे इकडे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पापाकुऱ्यात खंडागळे गुरुजींच्या घरी मी पहिल्यांदा गेले, आणि त्यांनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेऊन कुकरमध्ये टाकला, झाकण फिरवलं आणि वर शिट्टीसुद्धा बसवली, तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, कुकर आहे तो!"

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "जाड बुडाचा आहे. आवाज बाहेर जात नाही. हं, आता बोल."

बोलायचं काय होतं मला? वाटीभर विरजण मागायला गेले होते.

गुरुजी आमच्या मागच्या युनिटमध्ये एकटे राहायचे. उभी हयात बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेली. मुलगा मिलिंद इथे इंजिनिअर होता, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. त्यांचे सगळे कागद तेव्हा एजंटने केले, गुरुजींनी नुसत्या सह्या ठोकल्या. मग इथल्या पुष्कळ पोरांसारखा मिलिंदच चांगल्या नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला, ब्रिस्बेनला गेला. पुढे गुरुजींच्या बाई वारल्या. मागे राहिले गुरुजी आणि कुकर.

"लिहून घेतात, पोरी, लिहून घेतात!" हे त्यांचं पालुपद. कोण लिहून घेतं विचारलं की छताकडे बोट. छताला स्मोक अलार्म होता आणि त्याला त्यांनी शॉवर कॅप घातली होती. ती मी भांडून काढायला लावली. "सरकार राहू द्या, आधी तुमच्या मिरचीच्या फोडणीला घाबरा," म्हटलं.

"पूर्वी भिंतीला कान होते," ते टोपी काढता काढता म्हणाले, "आता काचेला डोळे आलेत."

त्यांचा डावा गुडघा दुखायचा. पण त्यावरचे उपाय स्वतःच्या मोबाईलवर शोधायचे नाहीत, कारण त्यांची दुखणी 'त्यांना' कळता कामा नयेत. "गुडघा माझा, पण शोधायचा तू." मी शोधला. त्या दिवसापासून माझ्या मोबाईलवरच्या जाहिरातींत आधी गुडघ्याचे पट्टे आले, मग काठ्या आल्या, आणि शेवटी जिन्यावरून आपोआप वर नेणारी खुर्ची आली. ईस्ट टामाकीच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी बघते तिथे डब्याच्या सुट्टीत शेजारणीने माझ्या मोबाईलकडे पाहून हळूच विचारलं, "यू ओके?" माझे गुडघे ठणठणीत आहेत हो. बापाने धान्याची पोती उचलली त्याच हाडांचे आहेत.

कचऱ्याची गोष्ट तर विचारूच नका. कौन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की पिवळ्या झाकणाचा डबा या आठवड्यात बाहेर ठेवायचा की पुढच्या, ते कळतं. गुरुजी पत्ता टाकणार नाहीत. ते पडद्याआडून समोरच्या घराचा डबा बघायचे. एकदा समोरचे लोक घर सोडून चालले होते, त्यांनी होते नव्हते ते सगळे डबे भलत्याच आठवड्यात बाहेर काढले. गुरुजींनीही काढला. तो बिचारा आठवडाभर पावसात उभा.

मी चिडले. "गुरुजी, ते डबा उचलायला तुमच्याच दारात येतात ना? मग पत्ता त्यांना माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण तो मी सांगितलेला नाही."



माझी मुलगी रेवा मात्र त्यांची लाडकी. शाळेतून आली की त्यांच्याकडे पाढे म्हणायला जायची, इंग्रजीत म्हणायची आणि ते मराठीत चुका काढायचे. अधूनमधून येताना कागदात गुंडाळलेला अर्धा मफिन घेऊन यायची. "आई, आजोबांचा बर्थडे होता. अगेन." पोरीला खाऊ द्यायचं निमित्त असेल, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मिलिंदला मुलगी झाली. इरा. ती चालायला लागली, बोलायला लागली, तरी आजोबांनी तिला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. आणि तिने? तिने आजोबांना पाहिलंच नव्हतं! कारण गुरुजींच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर मरून टिकली. बाईंचं टिकल्यांचं पाकीट शिल्लक होतं, त्यातली. एक सुटली की दुसरी. ती पोर काळ्या चौकोनाला हात हलवून बाय म्हणायची.

मिलिंद मला फोन करून कळवळायचा. "ताई, बाबांना इकडे आणायचंय कायमचं. तिकडचे नागरिक झाले ना, की इथे यायला, राहायला वेगळा व्हिसा काढत बसावं लागत नाही. वर्षं केव्हाच भरलीत त्यांची. नुसता अर्ज करायचाय."

"तोवर भेटायला तरी ने. पाहुण्यांचा व्हिसा असतो ना?"

"तीही वेबसाइटच, ताई!"

आता माझं ऐका. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा जातीचा दाखला हवा होता. वडील मोंढ्यातली मजुरी बुडवून तहसीलला जायचे आणि परत यायचे. 'तुमच्या वडिलांची नोंद सापडत नाही.' माझे आजोबा जन्मले, राबले, मेले, पण कुठे नोंद नाही म्हणून जणू झालेच नाहीत. नोंद नसणं म्हणजे काय, हे ज्याच्या बापाने खिडकीबाहेर उकिडवं बसून भोगलंय त्याला विचारा. सरकार आपल्याला ओळखत नाही ही आमच्या घरची भीती होती. आणि इथे एक धडधाकट माणूस सरकारने आपल्याला ओळखू नये म्हणून कुकरला शिट्टी लावून बसलेला!

त्याहून जास्त राग मला बातम्यांचा. त्याच हिवाळ्यात एका बातम्यांच्या साइटवर मोठ्या अक्षरांत आलं : 'सरकारी वेबसाइट तुमच्यावर पाळत ठेवतात?' गुरुजींनी ती बातमी वाचनालयातून छापून आणली आणि माझ्यापुढे धरली. मी ती शेवटपर्यंत वाचली, बहुतेक लोक वाचत नाहीत तशी. आत एवढंच होतं की काही सरकारी पानांवर किती लोक येतात ते मोजायला बाहेरच्या कंपनीचं साधन वापरतात, आणि ते लोकांना नीट सांगायला हवं. बरोबर आहे, सांगायलाच हवं. आमची माहिती घ्याल तर ती जपा, हे मी सरकारला तोंडावर सांगेन. पण मग शीर्षकही तेवढंच द्या की! शेवटी एक प्रश्नचिन्ह ठोकून दिलं की घाबरवायला मोकळे, आणि उद्या कुणी जाब विचारला तर 'आम्ही फक्त विचारलं होतं.' बरं, ती बातमी मी माझ्या मोबाईलवर उघडली तर आधी त्या साइटनेच माझी सगळी माहिती घ्यायची परवानगी मागितली, आणि बातमीच्या बरोबर मध्यभागी काय? जिन्यावरची खुर्ची!

"बघा," मी गुरुजींना दाखवलं. "पाळत कोण ठेवतंय?"

"दोघेही," ते शांतपणे म्हणाले. "पण खुर्चीवाला तुरुंगात टाकत नाही."

एका रविवारी दुपारी मी त्यांना अर्जाला बसवलंच. मी नागरिक आहे, त्यांना ओळखते, तेव्हा हा माणूस हाच असं सांगायला मीच उभी राहणार होते. मोबाईल कुकरमध्ये गेले. लॅपटॉप कुकरमध्ये मावत नाही, त्याच्या कॅमेऱ्याला टिकली लागली. नाव भरलं, पत्ता भरला, पासपोर्टचे फोटो चढवले. गुरुजी घामाघूम, पण भरत होते. शेवटच्या पानावर आलं, 'वर दिलेली सर्व माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो.' खाली एक चौकोन. मी त्याचा अर्थ सांगितला.

गुरुजींनी लॅपटॉप मिटला. "चहा घेशील?"

"गुरुजी, एक टिचकी राहिली!"

"आलं टाकतो थोडं."

"इरा तिकडे काळ्या चौकोनाला टाटा करते हो! त्या एका प्रश्नचिन्हापायी तुम्ही नातीला मुकणार?"

ते गॅसकडे तोंड करून उभे राहिले. मी चहा न घेता निघून आले. आणि रागारागात कुकरमधला माझा मोबाईल तिथेच विसरले, तो रेवाला पाठवून आणवावा लागला.

त्यानंतर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी मी स्टेशनजवळच्या बेकरीत पाव घ्यायला गेले. गुरुजी काउंटरपाशी उभे. काउंटरवरची मुलगी हसत इथला माओरी नमस्कार घालत होती. "किया ओरा, मिस्टर के! हॅपी बर्थडे!" आणि तिने एक मफिन पिशवीत घालून दिला, फुकट. बेकरीच्या यादीत नाव आणि जन्मतारीख दिली की वाढदिवसाला मफिन मिळतो. मग ती माझ्याकडे वळून डोळे मिचकावत म्हणाली, "ही हॅज हीप्स ऑफ देम. बॉस नोज. वी लव्ह हिम." हीप्स, ढीगभर वाढदिवस!

म्हणजे रेवा खरं सांगत होती!

मी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर गाठलं. "गुरुजी, जो माणूस कौन्सिलला पत्ता देत नाही तो बेकरीला जन्मतारीख देतो? तीही दर वेळी वेगळ्या नावाने, वेगळी?"

"खोटी माहिती द्यायची," ते पुटपुटले. "चोराच्या हाती कचरा."

"मग आजचा कचरा कुठला?"

त्यांनी मफिनचे दोन भाग केले. एक कागदात गुंडाळला, रेवाचा. दुसरा हातातच ठेवला.

"आज बाळूचा वाढदिवस," ते म्हणाले. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, असं त्याची माय म्हणाली होती."

"कोण बाळू?"

"माझ्या पहिलीतला." मग हळूहळू बोलू लागले. "आया पोरांना हाताला धरून आणायच्या. मी विचारायचो, कधी झाला? एक म्हणायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसरी म्हणायची, पहिल्या वेचणीला, शेतातच. तिसरी म्हणायची, सासरे वारले त्या थंडीत. रकान्यात थंडी कशी लिहायची? रकान्याला तारीख लागते. जूनला शाळा उघडायची, त्या दिवशी सहा भरलेली असली की पोर पहिलीत बसतं. मग मी लिहायचो, एक जून. सगळ्यांना एक जून. माझ्या मास्तरांनी मला तेच लिहिलं, मी पोरांना तेच लिहिलं."

"मग ह्या तारखा?"

"आयांनी सांगितलेलं डोक्यात राहिलं. इथे आल्यावर वेळच वेळ. पंचांग काढून बसलो आणि एकेकाची तारीख जुळवली. खरी तारीख त्यांच्या कुठल्याच कागदावर येणार नाही आता. म्हणून अशी कुठेतरी लिहून ठेवली. बेकरीत, चपलांच्या दुकानात, पिझ्झावाल्याकडे. त्या दिवशी त्यांचा निरोप येतो, हॅपी बर्थडे बाळू. कुणीतरी म्हणतं."

ते आता थांबेनात.

"पण सरकारचा कॉम्प्युटर मूर्ख नाही, पोरी. माझी पोरं आता जगभर पोचलीत. कुणी दुबईला, एक तर ऑकलंडातच आहे म्हणतात. एका खेड्यात वर्षानुवर्षं सगळी पोरं एकाच दिवशी जन्मतात? एक दिवस कॉम्प्युटर विचारणारच, हे लिहिलं कोणी? मी टिचकी मारून म्हणू, सगळं खरं आहे? मला धरलं तर धरू दे. पण माझ्यामागे त्या पोरांना धरलं तर? त्यांच्या नोकऱ्या, त्यांचे पासपोर्ट... तू म्हणतेस लिहून कोण घेतं. लिहून घेणारा मीच होतो!"

इतके दिवस मी त्या प्रश्नचिन्हाला शिव्या घालत होते. पण त्या बातमीने घाबरवलं होतं ते एका मास्तरला, आणि तो स्वतःसाठी घाबरलाच नव्हता.

"गुरुजी," मी म्हटलं, "माझी जन्मतारीख माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"एक जून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हजेरी घेताना पाहावं तसं.

"माझ्या पासपोर्टवर आहे. डिग्रीवर आहे. इथल्या नागरिकत्वावरही आहे. जालन्यातल्या कुठल्यातरी गुरुजींनी लिहिली, म्हणून मी पहिलीत बसले. नसती लिहिली तर आईबरोबर धुणी धूत असते. मला अजून कुणी धरलेलं नाही."

"आई काय म्हणाली होती?"

"कधी?"

"नाव घालताना गुरुजींनी विचारलं असेल ना, कधी झाली म्हणून. आई काय म्हणाली होती?"

मला माहीत नव्हतं. इतकी शिकले, पण हे कधी विचारलंच नव्हतं. मी तिथूनच आईला जालन्याला फोन लावला. तिकडे सकाळ व्हायची होती, ती दचकून उठली.

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी," आई म्हणाली. "तुझ्या बापानं लिंबाला झोका बांधला होता. मी बसले नाही तोच पोटात कळ. झोका तसाच राहिला."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

गुरुजी ऐकत होते. त्यांनी मान हलवली आणि आता तो अर्धा मफिन खाल्ला.

सोमवारी मी रजा टाकली. म्हटलं, भीती ज्याची आहे त्यालाच विचारू. अर्ज घेणाऱ्या कार्यालयाचा नंबर लावला. मोबाईल कुकरबाहेर, टेबलावर, स्पीकर चालू. गुरुजी सदऱ्याची वरची गुंडी लावून उभे राहिले. सरकारशी बसून बोलायचं नसतं. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "किया ओरा." मी सगळं सांगितलं. गावं, आया, शाळा, एक जून. गुरुजींनी मधेच एक वाक्य स्वतः टाकलं, घोकून ठेवलेलं, "मॅडम, आय वॉज द टीचर. नो फॉल्ट ऑफ चिल्ड्रन."

त्या बाई म्हणाल्या, अशा तारखा त्यांच्याकडे हीप्स येतात. कुठल्या देशातून एक जून, कुठून एक जानेवारी. त्यांना ठाऊक आहे ते. पासपोर्टवर आहे तीच तारीख लिहा, त्यात खोटं काही नाही. "यू आर स्वीट ॲज, सर." म्हणजे इथल्या बोलीत, काही काळजी करू नका.

फोन ठेवल्यावर गुरुजी खुर्चीत बसले.

"म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं?"

"तुम्हीच तर म्हणत होता."

"हो," ते म्हणाले, "पण ते चांगल्या अर्थाने माहीत असेल, असं वाटलं नव्हतं."

टिचकी त्यांनी स्वतः मारली. मग मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याआधी नखाने कॅमेऱ्यावरची टिकली हळूच सोडवली. ती फेकली नाही, पाकिटात परत चिकटवली. पलीकडे इरा नेहमीसारखी हात हलवत आली, आणि काळ्या चौकोनाच्या जागी पांढऱ्या मिशा पाहून भोकाड पसरून पळून गेली. मिलिंद हसत होता आणि डोळे पुसत होता. "बाबा, घाबरली हो ती!"

"घाबरू दे," गुरुजी म्हणाले. "नवीन माणसाला घाबरतातच पोरं. पहिल्या दिवशी सगळीच रडायची."

या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात होते. मोबाईल वाजला. पडद्यावर गुरुजी, मांडीवर इरा, तिच्या कपाळावर मरून टिकली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, पोरी," ते म्हणाले. "लिहून ठेवलंय." आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या दिवशी कुणीतरी मला असं म्हटलं. मी यंत्रांच्या आवाजात बाजूला जाऊन उभी राहिले.

जाताना त्यांनी कुकर मला दिला. मी त्यात डाळ लावते.

खंडागळे गुरुजी न्यूझीलंडचे नागरिक झाले. ते ब्रिस्बेनला नातीजवळ राहतात. त्यांच्या पासपोर्टवरची जन्मतारीख एक जूनच आहे.